शेरीच्या पिंपात मुरलेली व्हिस्की

प्रश्न : माझ्या भाच्याने लंडनहून परतताना बाल्व्हेनी डबलवुड या बारा वर्षे मुरलेल्या सिंगल मॉल्ट स्कॉचची बाटली आणली. तिला मनुकांचा वास येतो, तेव्हा तिच्यात शेरी ही स्पॅनिश वाइन मिसळलेली असणार, असे घरातील मंडळींचे म्हणणे आहे. ते खरे आहे काय? दोन लाकडे म्हणजे नेमके काय? बाटली कशी ठेवावी?
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : शेरी मिसळलेली नाही. स्कॉच व्हिस्कीत पाणी आणि रंगापुरते साधे कॅरामल यांखेरीज काहीही घालण्यास ब्रिटनच्या कायद्याची मनाई आहे. तरीही आपल्या घरच्यांचे नाक चुकलेले नाही. ताक घुसळण्याची लाकडी रवी कितीही धुतली तरी तिचा वास जात नाही, त्याचप्रमाणे शेरी राहिलेल्या पिंपाच्या लाकडात तिचा अंश जिरलेला असतो आणि नंतर भरलेली व्हिस्की तो हळूहळू ओढून घेते.

बाल्व्हेनी ही डिस्टिलरी, म्हणजे व्हिस्की गाळण्याचा कारखाना, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात, डफटाउन या गावी आहे. विल्यम ग्रँट यांनी आपल्या ग्लेनफिडिक डिस्टिलरीच्या शेजारी १८९२ मध्ये तिची उभारणी सुरू केली आणि १ मे १८९३ रोजी तिथे पहिले ऊर्ध्वपातन झाले. विशेष म्हणजे लागणाऱ्या मॉल्टपैकी काही भाग ते आजही स्वतः तयार करतात. आपल्या खानापूर भागात नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करतात, ती रीत ज्याने पाहिली आहे त्याला मॉल्ट वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तिथे नाचणीच्या जागी बार्ली असते, ती फरशीवर पसरून फावड्याने वरखाली करतात आणि मोड आले की भट्टीच्या उष्णतेवर वाळवतात.

आता दोन लाकडांविषयी. अमेरिकेत बोर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या कोऱ्या ओक लाकडाच्या पिंपांतच ठेवण्याचा नियम असल्यामुळे वापरलेली पिंपे तेथील उत्पादकांना पुन्हा बोर्बनसाठी उपयोगी पडत नाहीत, आणि ती मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. डबलवुड आधी बारा वर्षे अशा पिंपांत मुरते. मध आणि व्हॅनिलाची गोडी तिथली. त्यानंतर सुमारे नऊ महिने ती शेरीच्या ओक पिंपांत ठेवतात आणि मनुका, दालचिनी यांची आठवण करून देणारा गंध तिथे येतो. शेवटी तीन-चार महिने ती मोठ्या लाकडी टाक्यांत एकजीव होऊ देतात. बाल्व्हेनीचे तेव्हाचे मॉल्ट मास्टर, म्हणजे व्हिस्कीचे मुरणे आणि मिश्रण यांवर देखरेख करणारे, डेव्हिड स्टुअर्ट यांनी ही दुसऱ्या पिंपाची पद्धत रुजवली आणि १९९३ मध्ये डबलवुड बाजारात आली. माझ्या मते या व्हिस्कीचे खरे यश प्रमाणात आहे, कारण नऊ महिन्यांचा मुक्काम बारा वर्षांच्या मुरण्यावर कुरघोडी करीत नाही. पूर्वी स्पेनहून शेरी पिंपांतूनच परदेशी जाई. १९८० च्या दशकात ती वाहतूक थांबली, त्यामुळे आता पिंपांत मुद्दाम काही काळ शेरी भरून ती व्हिस्कीसाठी तयार करतात.

रंग गडद दिसला म्हणून शेरीचा प्रभाव अधिक, असे मात्र समजू नये, कारण वर सांगितल्याप्रमाणे कॅरामल घालण्यास मुभा आहे. त्यापेक्षा नाकावर विसंबावे. निमुळत्या तोंडाच्या पेल्यात थोडी व्हिस्की घेऊन चमचाभर पाणी घातले आणि दोन मिनिटे थांबले, की मद्यार्काचा तिखटपणा ओसरतो. मला अशा वेळी बेळगावच्या कुंद्याच्या कढईला लागलेल्या तांबूस खरवडीची आठवण होते, आणि मागाहून मनुका येतात.

बाटली उभीच ठेवावी. वाइनप्रमाणे आडवी ठेवल्यास तीव्र मद्यार्कामुळे बूच खराब होते. ऊन लागणार नाही असे कपाट निवडावे आणि बाटली अर्ध्याखाली आल्यावर फार काळ तशीच ठेवू नये, कारण आत शिरलेल्या हवेमुळे हा मनुकांचा गंध हळूहळू मंदावतो.