पेंटरच्या लेकीनं आईच्या पाटल्या मोडाव्यात का?

«ताई, मी कराडजवळच्या एका गावात राहते. बारावी कॉमर्सला आहे. माझे बाबा पेंटर. दुकानांचे बोर्ड, भिंतीवरच्या जाहिराती, ट्रॉलीवरची नावं रंगवायचे. फ्लेक्स आला आणि काम आटलं. आता ते घरांच्या रंगकामाला रोजावर जातात. मला ग्राफिक डिझाइन शिकायचंय. इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षेत मला ए ग्रेड होती. बाबा म्हणतात, ब्रशवर पोट भरत नाही, गुमान बी.कॉम. कर. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत एक वर्षाचा डिप्लोमा आहे, फी अडीच लाख, नोकरीची शंभर टक्के हमी. पंचवीस हजार भरून दिवाळीआधी जागा पक्की करा, असा त्यांचा रोज फोन येतो. आई म्हणते, माझ्या पाटल्या मोडू, तुझ्या बाबांना मागाहून सांगू. काय करू?
— पेंटरची लेक»

बाळ, पाटल्या मोडू नकोस. आईला आजच सांग, म्हणजे तिचा आणि तुझा दोघींचाही घोर कमी होईल.

आधी त्या फोनचं बघू. सतरा वर्षांच्या मुलीला रोज फोन करून दिवाळीची मुदत घालणाऱ्या संस्थेला तुझ्या चित्रांशी काही देणंघेणं नाही. त्यांनी तुझी वही मागितली का? पुढचा फोन आला की शांतपणे चार गोष्टी विचार. डिप्लोमाला मान्यता कोणाची? गेल्या वर्षीची मुलं कुठं कामाला लागली, त्यांतल्या तिघांशी बोलता येईल का? मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळतात, ते लिहून देणार का? आणि वर्षभरात हातानं काय काढायला लावणार? शेवटच्या प्रश्नावर नुसती सॉफ्टवेअरची नावं ऐकू आली, तर ओळख की तिथं बटणं कुठली दाबायची एवढंच शिकवतात. ते तुला मोबाइलवरचे व्हिडिओ पाहूनही येईल. सगळ्याच खासगी संस्था अशा असतात असं मी म्हणत नाही, काही ठिकाणी फार जीव लावून शिकवतात. पण चांगली संस्था या प्रश्नांना वैतागत नाही.

तुला जे शिकायचंय त्याला आपल्याकडे उपयोजित कला म्हणतात. जुनी माणसं अजून ‘कमर्शिअल’ म्हणतात. त्याची बी.एफ.ए. (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) ही चार वर्षांची पदवी आहे. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, तुझं कॉमर्स आड येत नाही. प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते, तिचे अर्ज साधारण नव्या वर्षाच्या सुरुवातीला निघतात. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञानाचा एक पेपर. इंटरमिजिएटला तू स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन केलंस ना? म्हणजे अर्धी तयारी झालेलीच आहे. आता रोज एक तास लाव. घरातला तांब्या, बाबांचे रंगाचे डबे, चुलीपुढं बसलेली आजी, समोर दिसेल ते पेन्सिलीनं काढत जा.

मुंबईचं सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय, म्हणजे जे.जे., सगळ्यांना ठाऊक असतं; आता ते अभिमत विद्यापीठाचा भाग झालंय. तिथं स्पर्धा मोठी, तरी यादीत ते ठेव. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालयं आहेत. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय, आणि तुला जवळ म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडची कला महाविद्यालयं; तिथं बी.एफ.ए. आहे की पदविका, ते मात्र आधी विचार. अर्ज भरण्याआधी एक दिवस काढून कोल्हापूरला जाऊन ये. कचेरीत माहितीपत्रक घेऊन परत फिरू नकोस, वर्गात डोकाव. भिंतीवर मुलांची कामं लावलीत का, ती एकसारखी दिसतात की वेगवेगळी, मास्तर शेजारी बसून चूक दाखवतात का, हे बघ. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची दोन मुलं गाठ आणि विचार, सुट्टीत कुठं काम करता? शिक्षकांपेक्षा ती खरं सांगतील.

खर्चाचं स्पष्ट सांगते, कारण घरात बोलायचं तर हेच बोलायचंय. शासकीय महाविद्यालयाची फी त्या अडीच लाखांच्या जवळपासही जात नाही. पैसा जातो राहण्या-खाण्यात आणि सामानात. कागद, पोस्टर कलर, ब्रश, प्रिंट काढणं हे दर महिन्याला लागतं. पुढे लॅपटॉप लागेल, पण पहिल्या वर्षी नको. महाराष्ट्रात 2024 पासून, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. तुझ्या प्रवेशाला ती कशी मिळेल, हे महाविद्यालयाच्या कचेरीत जाऊनच विचार, आणि उत्पन्नाचा, जातीचा दाखला आत्ताच काढून ठेव. ऐन प्रवेशाच्या वेळी तहसीलमध्ये रांगा लागतात.

घरची परिस्थिती अशी असेल की चार वर्षं थांबणं शक्यच नाही, तर आयटीआयकडे नाक मुरडू नकोस. डेस्कटॉप पब्लिशिंग, मल्टिमीडिया-ॲनिमेशन, फॅशन डिझाइन असे एक वर्षाचे ट्रेड तिथं आहेत, फी कमी, आणि प्रमाणपत्र देशभर चालतं. तिथून एखाद्या छापखान्यात उमेदवारी केलीस तर कागद, शाई, कटिंग, प्रूफ यांची जी समज येते ती पदवीवाल्यांनाही पुष्कळदा नसते. अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था, फॅशन शिकवणारी निफ्ट किंवा आयआयटीची डिझाइन पदवी या वाटाही आहेत. पण त्यांच्या परीक्षा वेगळ्या आणि निफ्टची फी लाखांत. पुढं कर्जाचा विचार घरात सगळ्यांनी मिळून केला, तरच तिकडं बघ. (हे वाचणाऱ्या दहावीच्या आईवडलांसाठी एक सांगते: शासनमान्य फाउंडेशन आणि त्यापुढचा जी.डी. आर्ट हा पदविकेचा रस्ता दहावीनंतरच सुरू होतो.)

आता बाबा. तुझ्या पत्रात ते आडमुठे वाटतात, मला तसे वाटले नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर एक विद्या कमावली आणि पाच-सात वर्षांत ती बाजारातून उठलेली पाहिली, तो लेकीला त्याच वाटेवर जाऊ देताना घाबरणारच. त्यांची भीती खरी आहे, तिला उत्तर द्यावं लागेल. ते उत्तर असं: फ्लेक्सनं ब्रश नेला, अक्षर नेलं नाही. बोर्डावर दोरी मारून ओळ आखणं, शिरोरेषेची जाडी, वेलांटीचा झोक, रफार कुठं बसवला की शब्द तोल सांभाळतो, हे बाबांच्या हाताला येतं. तीच गोष्ट आज संगणकावर करणारी माणसं हवी आहेत आणि मराठीत ती थोडीच आहेत. संगणकावर मराठी टाइप करताना ज्या मंगल फॉन्टमध्ये अक्षरं उमटत आली, तो र. कृ. जोशींनी घडवला. जे.जे.त शिकलेला, अक्षरांत रमलेला माणूस. अक्षरं रेखाटणाऱ्या कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावं अशी काढली की नाव वाचतानाच नाटकाची जात कळायची. मुंबईतल्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटासारखी मंडळी बलू, मुक्ता असे देवनागरी फॉन्ट करून जगभर पोहोचली. तुझ्या तालुक्यातल्या मसाल्याच्या, काकवीच्या, दुधाच्या पाकिटांवरची मराठी अक्षरं एकदा नीट बघ. बहुतेकांचा इंग्रजीकडून उसना आणलेला तोंडवळा दिसेल. ते काम तुझ्यासाठी पडून आहे.

पहिल्या दोन-तीन वर्षांचा पगार फार नसतो, हे बाबांपासून लपवू नकोस. कलाशिक्षकाच्या सरकारी भरतीवर भरवसा ठेवून कुठलाही कोर्स निवडू नकोस. आणि बी.कॉम.ला वाईट म्हणू नकोस, हिशेब येणारा चित्रकार फसत नाही. सीईटीत मनासारखं झालं नाही, तर बी.कॉम.ला नाव घालून पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं. हा दुसरा बेत बाबांना आधीच सांगून ठेव, त्यांचा विरोध निम्मा तिथंच उतरेल.

या रविवारी त्यांना म्हण, बाबा, मला ‘श्री’ आणि ‘ळ’ तुमच्यासारखा काढायला शिकवा. चपटा ब्रश त्यांच्या हातात दे. सीईटीचं नंतर काढ, दोन-चार रविवार जाऊ देत. ती अक्षरं तारीख घालून वहीत जपून ठेव. पुढे कुणी काम दाखवायला सांगितलं, तर ती वही पहिली पुढे कर. आणि कोल्हापूरला जाशील तेव्हा आईऐवजी त्यांना सोबत ने. अक्षरलेखनाचा वर्ग चालू असेल, त्या दिवशीच जा.