वाचकांचे प्रश्न : धावण्याचा सराव आणि मेक्सिकोतील हस्तकलेचा बाजार

प्रश्न : मी सोलापुरातील एका शाळेत शिक्षिका आहे आणि माझे वय 46 आहे. दिवाळीपासून सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात रोज सकाळी चालायला जाते. आता अर्ध्या मॅरेथॉनपर्यंत धावता यावे अशी फार इच्छा आहे, परंतु दोन मिनिटे धावले तरी धाप लागते. माझी मुलगी नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीत राहते आणि मे महिन्याच्या सुट्टीत तीन आठवडे तिच्याकडे जाण्याचे ठरले आहे. तेथे सराव चालू ठेवता येईल का? घरच्यांसाठी तेथील हस्तकलेच्या वस्तूही आणायच्या आहेत. सासरी पूर्वी चादरींचे माग होते, त्यामुळे कापडाची थोडी पारख आहे. इतर वस्तूंमध्ये काय पाहून घ्यावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्याला धाप लागते ती बहुधा वयामुळे नव्हे, तर वेगामुळे. नव्याने धावू लागणारी बहुतेक माणसे शाळेतल्या शर्यतीच्या आठवणीने धावतात, आणि लांब पल्ल्याच्या धावण्याचा त्या शर्यतीशी काही संबंध नसतो. शेजारच्या व्यक्तीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतक्याच वेगाने धावावे. बोलणे तुटू लागले की चालावे. सुरुवातीला एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असा क्रम अर्धा तास ठेवावा, तोही आठवड्यातून तीनच दिवस आणि मध्ये एकेक दिवस सोडून. धावण्याची मिनिटे हळूहळू वाढवावीत आणि चालण्याची कमी करावीत. किलोमीटर मोजण्याची घाई करू नये, वेळ मोजावा.

या संयमामागे शरीराचे एक निश्चित कारण आहे. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायूबंध आणि हाडे यांना तेच बळ येण्यास काही महिने लागतात. त्यामुळे आता दम लागत नाही असे वाटून माणूस अंतर वाढवतो आणि नेमकी त्याच सुमारास नडगी किंवा टाच दुखू लागते. माझ्या पाहण्यात धावणे सोडून दिलेल्यांपैकी बहुतेकांनी ते याच टप्प्यावर सोडले आहे, आणि म्हणूनच 21 किलोमीटरची शर्यत आपण या उन्हाळ्यापूर्वी नव्हे, तर पुढच्या हिवाळ्यात धरावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्याआधी एकदा डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी तपासून घ्यावा. धावताना छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर त्या दिवशी थांबून तपासणी करावी. त्यात चालढकल नको.

फेब्रुवारी सरला की सोलापुरात धावण्याचे गणित बदलते. पारा चाळीशीपलीकडे जाणाऱ्या या शहरात सूर्योदयापूर्वीच बाहेर पडावे लागते, आणि अंधार असल्यामुळे कोणाची तरी सोबत असावी. रस्त्याने धावत असाल, तर समोरून येणारी वाहने दिसतील अशी उजवी कडा धरावी. उष्णतेला सरावण्यासाठी शरीराला साधारण 10 ते 14 दिवस लागतात; त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. तोवर वेग आपोआप मंदावेल, तो मंदावू द्यावा. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. तासाहून अधिक धावणे असेल, तर मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी बरोबर ठेवावे, कारण दीर्घकाळ नुसते पाणीच भरपूर पीत राहिल्यास रक्तातील सोडियम कमी होऊन त्रास होतो. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्यावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी.

आता मेक्सिको सिटीविषयी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 460 मीटर उंचीवर आहे, तर मेक्सिको सिटी सुमारे 2,240 मीटर उंचीवर वसलेली आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही ती जवळजवळ 600 मीटर उंच आहे. हवेचा दाब तेथे समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी असतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. 1964 मध्ये टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी 2 तास 12 मिनिटे 11 सेकंदांत जिंकली होती, तर 1968 मध्ये मेक्सिको सिटीत त्यांचेच देशबांधव मामो वोल्डे यांना सुवर्णपदकासाठी 2 तास 20 मिनिटे 26 सेकंद लागले. जगातील सर्वोत्तम धावपटूंची ही स्थिती असेल, तर आपल्या मंद गतीचे आपण मनाला लावून घेऊ नये.

पहिले चार-पाच दिवस केवळ चालावे. साडेअकरा तासांच्या वेळेच्या फरकामुळे झोप बिघडलेली असेल, नाडीही नेहमीपेक्षा जलद चालेल. तांबड्या पेशी वाढण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे तीन आठवड्यांच्या मुक्कामात पूर्ण जुळवून घेता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. नंतर पुन्हा एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, या पहिल्या पायरीपासून आरंभ करावा. मे महिन्यात तेथे दुपारी ओझोनचे प्रदूषण वाढते आणि अनेकदा सायंकाळी पाऊस येतो, म्हणून सकाळच धावण्याची ठेवावी. चापुल्तेपेकचे विस्तीर्ण वनउद्यान आहेच, पण आपल्याला कोयोआकान भागातील ‘विव्हेरोस’ ही सरकारी रोपवाटिका अधिक आवडेल असे वाटते. झाडांच्या सावलीतून तिला वळसा घालणारी दोन किलोमीटरहून थोडी लांब मातीची वाट आहे आणि सकाळी तेथे सर्व वयांची माणसे धावताना दिसतात.

हस्तकलेचे बाजार उशिरा उघडतात, त्यामुळे सकाळचे धावणे आणि बाजार एकाच दिवशी जमतात. बाल्देरास मेट्रो स्थानकाजवळचा ‘ला सिउदादेला’ हा बाजार 1968 च्या ऑलिंपिकच्या सुमारास उभा राहिला. देशाच्या अनेक राज्यांतील कारागिरी तेथे एका आवारात पाहायला मिळते. पहिल्या फेरीत काही विकत न घेता केवळ पाहावे. शक्य असल्यास त्याआधी ‘फोनार्त’ या 1974 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संस्थेच्या दुकानात जाऊन ठरलेल्या किमती पाहून याव्यात, म्हणजे बाजारात अंदाज चुकत नाही.

आपल्या घरी माग होते, हे वाचून मला विशेष आनंद झाला, कारण त्या बाजारातील सर्वांत मोलाची वस्तू माझ्या मते वस्त्रच आहे. वाहाका राज्यातील तेओतित्लान देल व्हाये गावचे झापोतेक विणकर लोकरीचे गालिचे पायमागावर विणतात आणि निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून त्यांतील लाल रंग काढतात. असा गालिचा उलटून पाहावा. हाताने विणलेल्या गालिच्याची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. ॲक्रिलिकचा माल हलका आणि चकचकीत असतो, आणि तो गालिच्यांच्याच शेजारी मांडलेला असतो. सान लुइस पोतोसी राज्यातील सांता मारिया देल रिओचा ‘रेबोसो’ हा लांब ओढणीवजा शेला तर सोलापुरातल्या विणकरांनी अवश्य पाहावा असा आहे. पोचमपल्लीच्या कापडाप्रमाणेच त्याचे सूत विणण्यापूर्वी बांधून रंगवतात. पोचमपल्लीत ताणा आणि बाणा दोन्ही बांधले जातात, येथे केवळ ताणा. त्याची झालर हाताने गाठी मारून केलेली असते. ती बोटांनी चाचपून पाहिली, तर यंत्राचे काम लगेच ओळखू येते.

कागदी लगद्याचे चित्रविचित्र प्राणी, म्हणजे ‘आलेब्रिहे’, ही परंपरा मेक्सिको सिटीतील पेद्रो लिनारेस यांनी 1936 च्या सुमारास सुरू केली. लाकडी प्रकार पुढे वाहाकात रुजला आणि प्रवासात तोच टिकाऊ ठरतो. चांदीच्या दागिन्यावर 925 हा, म्हणजे 92.5 टक्के शुद्ध चांदीचा, शिक्का पाहावा. प्राचीन मूर्ती म्हणून कोणी काही देऊ केल्यास हात लावू नये, कारण 1972 च्या कायद्याने पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आहे.

त्याच बाजारात चामड्याच्या वहाणा मिळतील, त्यांतील काहींचे तळ जुन्या टायरचे असतात. चिवावा राज्यातील दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी लोक अशाच वहाणा घालून लांबच लांब धावतात, आणि सातूच्या पिठाप्रमाणे पाण्यात कालवलेले भाजक्या मक्याचे पीठ हा त्यांचा वाटेतला आधार असतो. मारिया लोरेना रामिरेस या रारामुरी तरुणीने 2017 मध्ये पुएब्ला राज्यातील 50 किलोमीटरची महिलांची शर्यत घागरा आणि अशा वहाणा घालूनच जिंकली होती. आपण त्या अवश्य घ्याव्यात, पण त्यांत धावू नये. त्या पायांचा सराव बालपणापासूनचा असतो.

किंमत विचारून दोन-तीन वस्तू एकत्र घेताना थोडी सवलत मागणे तेथे वावगे मानत नाहीत. मात्र मागावर एका वस्त्राला किती दिवस जातात, हे आपल्या घराला ठाऊक आहे. विणकर स्वतः समोर बसला असेल, तर भाव पाडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : माझा मुलगा गेल्या वर्षी मेक्सिकोहून रंगीत, चमकदार लेपाची मातीची वाडगी घेऊन आला. त्यांत चिंचेची आमटी वाढली तर चालेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ती शिशाविरहित असल्याची खात्री नसेल, तर वाढू नये. मेक्सिकोत कमी आचेवर भाजलेल्या पारंपरिक भांड्यांच्या लेपात शिसे वापरण्याची रीत जुनी आहे, आणि चिंच, लिंबू, टोमॅटो, ताक अशा आंबट पदार्थांत ते विरघळते. गरम पदार्थात ते आणखी वेगाने उतरते. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांना व गर्भवतींना त्याचा धोका सर्वाधिक असतो. शिसे नसलेल्या भांड्यांवर पुष्कळदा ‘सिन प्लोमो’ अशी खूण केलेली असते, परंतु केवळ चिठ्ठी चिकटवलेली असल्यास तिच्यावर विसंबू नये. पुएब्लाची अस्सल तालावेरा, म्हणजे तेथील लेप दिलेली नक्षीदार मातीची भांडी, उंच आचेवर भाजतात आणि तिच्या तळाशी कार्यशाळेचे नाव व खूण असते; अशी खूण आपल्या वाडग्यांवर आहे का, ते पाहावे. नसल्यास ती किल्ल्या किंवा सुटे पैसे ठेवण्यासाठी वापरावीत. शेंगदाणे, फुटाणेही त्यांत ठेवू नयेत, कारण पापुद्रा सुटलेल्या लेपाचे कण खाण्यात जाऊ शकतात.