मी रडतेय हे त्यांना दिसत कसं नाही?

प्रश्न: माझ्या यजमानांना एससीए-2 हा लहान मेंदूचा आनुवंशिक आजार आहे. वय 47. सासऱ्यांनाही होता, झोकांड्या जायच्या म्हणून चाळीत लोक त्यांना दारुडा समजत. यजमानांचं चालणं, बोलणं बिघडलं, ते आम्ही पचवलं. पण गेल्या महिन्यात माझी आई गेली. फोन ठेवून मी ओट्याशी रडत उभी, आणि हे म्हणाले, "चार शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर." मुलगी 16 वर्षांची आहे. ती म्हणते, बाबांना आपलं काही वाटतच नाही. हा आजार की स्वभाव?
– एक वाचक, कळवा

उत्तर: ताई, आई गेल्याचं दुःख आणि त्यावर हे. तुमचं पत्र वाचून जीव कळवळला.

शिट्ट्या त्यांनी बरोबर मोजल्या. तुमचा चेहरा मात्र त्यांना वाचता आला नसावा. लहान मेंदू म्हणजे तोल, एवढंच आपण शाळेत शिकलो. पण मेंदूतल्या सुमारे 80 टक्के चेतापेशी तिथेच असतात आणि विचार-भावनांच्या केंद्रांशी त्याचा सतत संवाद चालतो. बोस्टनच्या जेरेमी श्माहमन आणि जेनेट शेरमन यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं, की लहान मेंदूला इजा झाली की कामाची आखणी, शब्द सुचणं, जागेचा अंदाज आणि भावना यांतही बिघाड होतो. एससीएच्या बऱ्याच रुग्णांना समोरच्याच्या मनातलं ताडणं अवघड जातं.

ठाण्यात मी अशा रुग्णांच्या चाचण्या घेते. एका गृहस्थांना रडवेल्या बाईचा फोटो दाखवला. बराच वेळ निरखून ते म्हणाले, "झोप झालेली नाही हिची." मी "ती रडतेय" म्हटल्यावर त्यांचेच डोळे भरून आले.

म्हणून खुणेवर सोडू नका, शब्दांत सांगा. टीव्ही बंद करून, समोर बसून: "आई गेली, मला रडू येतंय. माझा हात धरा." असं मागून घ्यावं लागणं जिव्हारी लागतं, ठाऊक आहे मला. पण बऱ्याच घरांत याचा उपयोग झालेला मी पाहिलाय.

मात्र सगळं आजारावर ढकलू नका. या आजारात नैराश्यही येतं, त्यानेही माणूस कोरडा वाटतो, आणि त्यावर उपचार आहेत. न्यूरॉलॉजिस्टना सांगून विचारशक्तीची आणि भाव ओळखण्याची चाचणी करून घ्या.

मुलीला हा आजार येण्याची शक्यता निम्मी आहे, हे तिला कदाचित माहीत असेल. स्वतःची जनुक चाचणी करायची की नाही, हे 18 पूर्ण झाल्यावर, समुपदेशन घेऊन तिचं तिला ठरवू द्या. आत्ता एवढंच करा: बाबांच्या चाचणीचा निकाल समजावून सांगतील, तेव्हा तिलाही शेजारी बसवा.