नगरसेवकपदाचा अर्ज भरण्याआधी

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्यानंतर निवडणूक लढविण्याविषयी विचारणारी बरीच पत्रे या सदराकडे आली. मी एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेत (लोकसंख्येनुसार पडणाऱ्या तीन वर्गांतील सर्वांत लहान) एक मुदत सदस्य होते आणि दुसऱ्या वेळी पराभूत झाले. हे दोन्ही अनुभव असल्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : मी 36 वर्षांची असून गावात शिवणकामाचा वर्ग चालवते. गेल्या निवडणुकीत आमच्या प्रभागातील एक जागा नागरिकांच्या मागास प्रवर्गातील महिलेसाठी राखीव निघाली. शेजारणींनी खूप आग्रह केला, पण कागदपत्रे वेळेत जमली नाहीत. पुढच्या वेळी उभे राहायचेच, असे ठरवले आहे. तयारी कोठून करावी? पक्ष, पैसा आणि घरचे पाठबळ यांपैकी सर्वांत जास्त कशाची गरज असते? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आपला निर्णय वाचून मनापासून आनंद झाला. कागदांपासून सुरुवात करू या, कारण आपली संधी तेथेच हुकली आणि आपल्यासारख्या अनेकींची तेथेच हुकते. या वेळी राज्य निवडणूक आयोगाने 4 नोव्हेंबरला कार्यक्रम जाहीर केला, अर्ज 10 ते 17 नोव्हेंबर या काळात घेतले आणि 18 तारखेला छाननी झाली. जातीचा दाखला, त्याची वैधता, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचे स्वयंप्रमाणपत्र आणि मालमत्ता, शिक्षण व गुन्ह्यांविषयीचे शपथपत्र हे सगळे एवढ्या थोड्या दिवसांत, शेकडो इच्छुक एकाच कचेरीत खेटे घालत असताना जमवणे फार कठीण आहे. जातीचा दाखला माहेरच्या नावाने आणि मतदारयादीतील नाव सासरचे असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा पुरावाही लागतो. जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा जोडून राखीव जागेवर उभे राहता येते, परंतु निवडून आल्यावर सहा महिन्यांत वैधता प्रमाणपत्र सादर केले नाही, तर निवड रद्द होते. म्हणून हे एक काम याच वर्षी हातावेगळे करा. आरक्षणाच्या पुढच्या सोडतीत आपला प्रभाग सर्वसाधारण निघाला, तरी ते प्रमाणपत्र वाया जाणार नाही.

दुसरे काम मतदारयादीचे आहे. विधानसभेची जी यादी असते, तीच प्रभागांनुसार विभागून नगरपरिषदेसाठी वापरली जाते. आयोग त्या वेळी नवी नावे घालत नाही. या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली होती, त्यामुळे सोडत निघाल्यावर जाग्या झालेल्यांना काहीच करता आले नाही. लग्नाला दहा वर्षे झाली तरी नाव माहेरच्या गावातच राहिलेल्या कितीतरी जणी प्रत्येक प्रभागात सापडतात. उमेदवाराचे नाव त्याच शहराच्या कोणत्याही प्रभागात असले तरी चालते, सूचक, म्हणजे अर्जावर उमेदवाराचे नाव सुचवणारे, मात्र ज्या प्रभागातून लढायचे तेथील मतदार असावे लागतात. आपल्या गल्लीतील प्रत्येक घराची यादी हातात घेऊन, मयत कोण, स्थलांतरित कोण, अठरा वर्षांचे कोण झाले, हे पाहत फिरा. त्या फेरीत जितकी माणसे कळतात तितकी पुढे प्रचारातही कळत नाहीत, कारण प्रचारात आपण बोलत असतो आणि यादी घेऊन गेल्यावर लोक बोलतात.

शपथपत्रातील एकही रकाना मोकळा ठेवू नका. जेथे सांगण्यासारखे काही नाही तेथे ‘निरंक’ लिहा. रिकामे रकाने ठेवलेले शपथपत्र हे मतदाराच्या माहितीच्या हक्काला बाधा आणते, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये घेतली आहे. आमच्या वेळच्या छाननीचा प्रसंग आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एक बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या शपथपत्राच्या एका पानावर सही राहून गेली होती. त्यांचे नाव पुकारले गेले, त्या उठल्या, आणि निवडणूक निर्णय अधिकारी ते पान त्यांच्याकडे वळवून दाखवत असताना त्या पिशवीत पेन शोधत राहिल्या. मुदत आदल्या दिवशी दुपारी संपली होती. एका प्रभागात एका उमेदवाराला चारपर्यंत अर्ज भरता येतात, ते यासाठीच. दोन तरी भरावेत, आणि ते वेगवेगळ्या माणसांनी तपासलेले असावेत.

पैशाविषयी स्पष्ट लिहिते. ‘क’ वर्ग नगरपरिषदेत सदस्यपदाच्या उमेदवाराला या निवडणुकीत अडीच लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती, ‘ब’ वर्गात साडेतीन लाख आणि ‘अ’ वर्गात 5 लाख. निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते ठेवावे लागते आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावा लागतो. निवडून आलेल्यांनाही आणि पडलेल्यांनाही तो द्यावाच लागतो, अन्यथा पुढची निवडणूक लढवता येणार नाही अशी अपात्रता येऊ शकते. पराभवानंतर घरी बसून आठ दिवस कोणाशी बोलायला नको वाटते, हे मला ठाऊक आहे, पण पावत्या त्याच आठवड्यात लावून टाकाव्यात. काही हजार मतदारांच्या प्रभागात पत्रके, एक रिक्षा, दोन कोपरा सभा आणि कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता एवढा खर्च मर्यादेच्या आत सहज बसतो. मर्यादा ओलांडली जाते ती जेवणावळी आणि पाकिटांमुळे, आणि तो पैसा बहुधा पुढे गटाराचे किंवा रस्त्याचे काम घेणाऱ्या माणसाकडून आलेला असतो. एकदा तो घेतला की त्या कामाचे बिल अडवण्याचा आपला अधिकार आपणच विकलेला असतो. कोणी कितीही जवळचा असला तरी नगरपरिषदेत कामे घेणाऱ्याकडून एक रुपयाही घेऊ नका, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

पक्षाचे चिन्ह उपयोगी पडते, विशेषतः प्रभागात दोन जागा असतात आणि मतदाराला दोन सदस्य व एक नगराध्यक्ष अशी तीन मते द्यायची असतात, तेव्हा अपक्षाचे अनोळखी चिन्ह शोधायला लोक चुकतात. पण उमेदवारी शेवटच्या दिवशी दुसऱ्याला मिळते, हेही नेहमीचे आहे. म्हणून अपक्ष लढण्याइतकी तयारी ठेवून मगच पक्षाकडे जावे.

घरच्या पाठबळाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला. राज्यात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरी नगरसेविकेच्या नावाची पाटी आणि खुर्चीत तिचे यजमान, हे दृश्य अजून गेलेले नाही. पाठबळ म्हणजे सभेच्या दिवशी घरातला स्वयंपाक आणि मुलांची शाळा दुसऱ्या कोणीतरी सांभाळणे. आपल्या वतीने मुख्याधिकाऱ्यांना फोन करणे, कोऱ्या लेटरहेडवर सह्या घेऊन ठेवणे याला पाठबळ म्हणत नाहीत. ही बोलणी अर्ज भरण्याआधी घरात मोकळेपणाने करून घ्या.

आता जे मला कोणी आधी सांगितले नव्हते ते सांगते. एकट्या नगरसेवकाला नळ सोडायचा, दिवा लावायचा किंवा कर्मचारी हलवायचा कसलाही कार्यकारी अधिकार नसतो. तो मुख्याधिकाऱ्यांकडे, म्हणजे शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असतो. आपला अधिकार सभेत असतो. माझ्या पहिल्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर चाळीसहून अधिक विषय होते आणि वाचन सुरू होताच मागच्या बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ असा एकच आवाज येत होता. टँकरच्या बिलाचा विषय आला तेव्हा मी उभी राहून विचारले की, आमच्या गल्लीत आठवड्याला दोनच टँकर येतात, मग या बिलात रोजची फेरी कशी? क्षणभर सगळे थांबले. उत्तर मिळाले नाही, विषयही मंजूर झाला, पण ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा’ असे मी सांगितले आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्याआधी ती ओळ आहे की नाही हे पाहिले. ती ओळ नव्हती. मी लेखी हरकत दिली तेव्हा ती आली. पुढच्या महिन्यापासून टँकरचालकाच्या वहीवर गल्लीतील दोन बायकांची सही घेतली जाऊ लागली, आणि फेऱ्यांचा आकडा बिलात आपोआप खाली आला. तेव्हा पुढची काही वर्षे आपण नगरपरिषदेची इतिवृत्ते माहितीच्या अधिकारात मागवून वाचत राहा. मागील मुदती संपल्यानंतर बहुतेक गावांत जवळजवळ चार वर्षे प्रशासक होते, त्या काळातील ठरावही मागवा, कारण ते कोणत्याही चर्चेविना झालेले आहेत.

प्रश्न : माझे विद्युत साहित्याचे दुकान असून नगरपरिषदेला मी पथदिव्यांचे साहित्य पुरवतो. व्यापारी मंडळी मला उभे राहण्याचा आग्रह करत आहेत. काही अडचण येईल का? — एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : येईल. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमानुसार नगरपरिषदेच्या कामात किंवा कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असणारी व्यक्ती सदस्य होण्यास अपात्र ठरते. पुरवठा मुलाच्या किंवा भावाच्या नावावर करून घ्यावा, असा सल्ला आपल्याला मिळेलच. तो मानू नका, कारण नाव बदलले तरी हितसंबंध कोणाचा हे चौकशीत उघड होते. अर्ज भरण्याच्या बऱ्याच आधी तो व्यवहार खरोखर बंद करावा. दुकानाचा ओटा आणि पायऱ्या गटारावर आल्या आहेत का, वरचा पत्रा रस्त्यात गेला आहे का, हेही एकदा पाहून घ्या. सदस्याने, त्याच्या पत्नीने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांनी केलेले अनधिकृत बांधकाम हे सदस्यत्व जाण्याचे कारण आहे, आणि पराभूत उमेदवाराचा पहिला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे त्याच पत्र्याविषयी जातो. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे दोनहून अधिक अपत्ये होत असतील, तरीही अपात्रता येते.

प्रश्न : माझा 24 वर्षांचा मुलगा अपक्ष म्हणून निवडून आला. आता दोन पक्ष त्याला बोलावत आहेत. त्याने काय करावे? — एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : आपल्या मुलाचे अभिनंदन. आपल्याकडे 21 वर्षे पूर्ण झालेल्याला ही निवडणूक लढवता येते, आणि इतक्या तरुण वयात लोकांनी त्याच्यावर विश्वास टाकला, ही मोठी गोष्ट आहे. त्याने कोणत्याही पक्षात प्रवेश करू नये. 1986 च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमाप्रमाणे अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर पक्षात गेला तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. हार घालून घेतानाचे छायाचित्र हाच पुरावा होतो. कायद्याने एक वाट ठेवली आहे. निकालाची अधिसूचना निघाल्यापासून एक महिन्याच्या आत इतर सदस्यांसह आघाडी करून तिची नोंद जिल्हाधिकारी कार्यालयात करता येते आणि त्या संख्याबळावर विषय समित्यांत जागा मिळतात. मात्र एकदा नोंद झाली की त्या आघाडीचा पक्षादेश पाळावा लागतो, म्हणून सही करण्याआधी गटनेता कोण होणार हे त्याने विचारावे, आणि शक्य असेल तर पाणीपुरवठा समितीचा आग्रह धरावा. गावाचा बराच पैसा आणि बराच त्रास तेथेच असतो.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. थेट नगराध्यक्षपदासाठी उभे राहावे की आधी नगरसेवक व्हावे, असा प्रश्न पडला आहे. — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : सर, नगराध्यक्ष थेट जनतेतून की सदस्यांतून, हे शासनागणिक बदलत आले आहे. 2016 मध्ये थेट निवड आली, 2020 मध्ये ती गेली, 2022 मध्ये पुन्हा आली. शिवाय नगराध्यक्षपदाच्या आरक्षणाची सोडत साऱ्या राज्यासाठी एकदम मुंबईत निघते. ती या वेळी ऑक्टोबरमध्ये निघाली आणि डिसेंबरात मतदान झाले. त्यामुळे या एका पदावर डोळा ठेवून पाच वर्षे तयारी करणे माझ्या मते योग्य नाही. साऱ्या शहरात फिरावे लागते, ‘क’ वर्गातसुद्धा खर्चाची मर्यादा साडेसात लाख रुपयांची होती, आणि एवढे करून निवडून आल्यावर सभागृहात बहुमत दुसऱ्यांचे निघाले तर काय होते, हे मी अगदी जवळून पाहिले आहे. आमच्याकडे नगराध्यक्ष एका गटाचे आणि सदस्य दुसऱ्या गटाचे होते. नगराध्यक्ष सभा बोलावत, सदस्य गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, होऊ देत नसत. सदस्य विशेष सभेची मागणी करत, तर विषयपत्रिकेत त्यांचे विषय शेवटी पडत. एका ठरावाला स्थगिती मागण्यासाठी 1965 च्या अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे धाव घेतली गेली, आणि त्या सगळ्यात जुन्या जलवाहिनीचे काम दोन उन्हाळे पुढे गेले.

आपण शाळा चालवली आहे. हजेरीपट, अंदाजपत्रक, लेखापरीक्षणाचे आक्षेप हे सारे आपल्या सरावाचे आहे, आणि नेमके तेच वाचणारा माणूस नगरपरिषदेच्या सभागृहात फार क्वचित असतो. आपण आधी सदस्य व्हावे, असे मला वाटते. अर्थसंकल्पाची प्रत आताच मागवा आणि त्यात मालमत्ता कराची मागणी किती व वसुली किती, पाणीपट्टीतून येते किती आणि पंपाच्या वीजबिलावर जाते किती, एवढे चार आकडे काढून पाहा. त्यात काही अडले तर ती पाने या सदराच्या पत्त्यावर पाठवा, पुढच्या अंकात आपण ती सर्वांसमोर मांडून वाचू.