वाचकांचे प्रश्न : सनई-चौघड्याचे मानधन

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या मुलीचे लग्न येत्या माघात पुण्यातील एका कार्यालयात आहे आणि मुहूर्त सकाळी ११ वाजून ४० मिनिटांचा आहे. सनई-चौघडा प्रत्यक्ष असावा, अशी तिच्या आजीची फार इच्छा आहे. चार कलावंतांच्या एका ताफ्याने प्रवासखर्चासह २२,००० रुपये सांगितले. कार्यालयाने सुचवलेल्या व्यवस्थापकाने तशाच ताफ्याचे ३८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४४,८४० रुपये सांगितले. ‘अर्धा तास वाजवण्याचे एवढे कशाला? ध्वनिमुद्रित सनई लावा,’ असे आमचे नातेवाईक म्हणतात. योग्य रक्कम कोणती आणि खर्च कमी कसा करावा?
– एक वधूपिता, सातारा

उत्तर : नातेवाइकांनी मोजलेला अर्धा तास हा मंगलाष्टकांच्या आगेमागेचा आहे. कलावंतांचा मात्र संपूर्ण दिवस जातो, कारण ११.४० च्या मुहूर्तासाठी बाहेरगावचा ताफा पहाटेच निघतो आणि जेवणावळी आटोपल्यावर परततो. त्या तिथीला दुसरे लग्न त्याला घेता येत नाही. त्यातच आषाढी ते कार्तिकी एकादशी या चातुर्मासात आपल्याकडे लग्ने जवळजवळ होत नाहीत, पौषही बरेच जण टाळतात, आणि उरलेल्या महिन्यांतल्या मोजक्या तिथींवर या कलावंतांच्या घरांचे वर्ष चालते. २२,००० मधून गाडीचे ३,००० वजा केले आणि मुख्य सनईवादकाने ७,००० घेतले, तर बाकीच्या तिघांच्या हाती प्रत्येकी ४,००० पडतात. मला ही रक्कम रास्त वाटते आणि तीत घासाघीस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवस्थापकाच्या आकड्याबद्दल मात्र जरूर विचारणा करावी. शास्त्रीय किंवा लोकसंगीत सादर करणाऱ्या कलावंताचे एका कार्यक्रमाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्याच्या सेवेला जीएसटीतून सूट आहे. व्यवस्थापक नोंदणीकृत असेल, तर स्वतःच्या सेवेवर तो कर आकारू शकतो. म्हणून कलावंतांचे मानधन किती आणि त्याचे स्वतःचे किती, हे दोन आकडे वेगळे लिहून मागावेत. शक्य असेल तर सुपारी थेट ताफ्याच्या प्रमुखालाच द्यावी. त्यात पैसे वाचतात, आणि जे दिले जातात ते वाजवणाऱ्याच्या हातात पडतात, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

खर्च कमी करायचा असेल, तर मानधनाला हात न लावता वेळ कमी करावा. सायंकाळच्या स्वागतसमारंभासाठी ताफा थांबवून ठेवू नये. सकाळी नऊपासून पहिली पंगत उठेपर्यंतचे बोलणे करावे. माणूस कमी करायचाच झाला, तर मुख्य वादकाला विचारून जोडीची दुसरी सनई कमी करावी, परंतु सूर धरणाऱ्याला वगळू नये. तो एकच स्वर अखंड धरून बसलेला असतो, त्यामुळे त्याचे काम पाहुण्यांना दिसत नाही. पण तो नसला की मुख्य सनई उघडी पडते आणि सारंग रागाचे स्वरही पोरके वाटू लागतात.

माझ्या पुतणीच्या लग्नात ताफ्याला वातानुकूलन यंत्राच्या थेट झोताखाली बसवले होते. वयस्क सनईवादक सनईच्या तोंडाशी बसवायच्या, दोऱ्याला बांधून ठेवलेल्या पत्त्यांपैकी एकेक पत्ती तोंडात ओली करून पाहत होते, ओठांवर लावून थोडी फुंकत होते आणि पुन्हा काढत होते, कारण त्या कोरड्या गारव्यात सूर जागेवर बसत नव्हता. आम्हाला ते उमगेपर्यंत सीमांतपूजन संपले होते. आपण झोतापासून दूर, थोडी उंच बैठक आधीच ठरवावी, म्हणजे दिलेल्या पैशांचे वादन खरोखर ऐकू येईल.

ध्वनिमुद्रित सनई लावण्यात बेकायदा काही नाही. विवाहविधी आणि त्याच्याशी निगडित समारंभांतील संगीताला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये ती पुन्हा स्पष्ट केली आहे. त्यामुळे कार्यालयाने परवाना शुल्क मागितल्यास ते देऊ नये. पण ध्वनिमुद्रणाला समोर काय चालले आहे ते दिसत नाही. मंगलाष्टकांतच वाजंत्र्यांनी फार गलबला करू नये, असे बजावलेले आहे, आणि जाणता वादक भटजींच्या आवाजाखाली आपला सूर नेमका दबवतो. आजींना हवे आहे ते हेच असावे.

सुपारी देताना तारीख, वाजवण्याचे तास, माणसे, गाडीभाडे, तिथी बदलल्यास आगाऊ रकमेचे काय, आणि उशीर झाल्यास जादा किती, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कलावंतांना पहिल्याच पंगतीत बसवावे आणि उरलेली रक्कम ते निघण्यापूर्वी त्यांच्या हाती द्यावी. आणखी एक छोटी व्यवस्था करावी : अक्षता टाकायला गर्दी उभी राहिली की बसलेल्या वादकांना अंतरपाट दिसत नाही, म्हणून घरातला एखादा भाचा त्यांच्याजवळ उभा करावा आणि अंतरपाट दूर होताक्षणी त्याने हात वर करावा.