शाळेतल्या स्वतःला पत्र, आणि ते दुसऱ्यांदा का लिहावं लागलं

‘शाळेत मला कधी पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली गुण नव्हते. कॉलेजच्या पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले. म्हणजे मी हुशार नव्हतेच का? की शाळेतच काहीतरी चुकलं? धाकटा भाऊ नववीत आहे, त्याचंही असंच होणार का?’

निकालानंतरच्या पंधरवड्यात समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. बाकीचे शब्द बदलतात, ‘हुशार’ हा शब्द मात्र बदलत नाही. खाली जी मुलगी दिसेल ती एकच मुलगी नाही. ओळख पटू नये म्हणून तीन-चार जणींचे तपशील एकत्र केले आहेत.

अभ्यासाची तक्रार घेऊन कुणी आलं की लगेच अभ्यासाचा उपाय सांगायचा नसतो. झोप, भूक, माणसांत मिसळणं हे आधी विचारायचं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील किंवा जगणंच नको असे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवायची आणि आधी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. शेवटच्या प्रकारचे विचार असतील तर त्याच दिवशी. हा प्रश्न थेट विचारावा. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. या मुलीची झोप परीक्षेच्या तोंडावर बिघडली होती, बाकी ठीक होतं. म्हणून वही उघडली.

वही देखणी होती. व्याख्या गुलाबी, सूत्रं पिवळी, उदाहरणं निळी आणि ‘महत्त्वाचं’ ते हिरवं. एका पानावर तर न रंगवलेल्या तीनच ओळी उरल्या होत्या. अर्थशास्त्रातला मागणीच्या लवचिकतेचा (किंमत बदलली की मागणी किती बदलते, याचा) धडा तिने पाच वेळा वाचला होता. वही मिटायला सांगून कोरा कागद दिला: दहा मिनिटं, आठवेल ते लिही. व्याख्या आली, सूत्र अर्धं आलं. लवचिकता कशाकशावर अवलंबून असते याचे पाच मुद्दे आहेत हे आठवलं, मुद्दे मात्र दोनच आठवले. सहाव्या मिनिटाला पेन थांबलं.

“उजव्या पानावर आहे ते. खाली, हिरव्या चौकटीत.”

जागा आठवत होती, रंग आठवत होता, मजकूर नाही. पाचव्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ‘हे मला येतं’ असा समज होतो. उत्तरपत्रिकेत मात्र ओळखून भागत नाही, समोर काहीही नसताना आठवावं लागतं. त्या आठवण्याचा सराव तिने एकदाही केला नव्हता.

त्या दिवशी तिला घरी करायला एक काम दिलं: नववीतल्या स्वतःला एक पत्र लिहून आण.

आठवड्याने पत्र आलं. ‘वेळ वाया घालवू नकोस. मोबाइलपासून लांब राहा. घोकंपट्टी करू नकोस, समजून घे. आळस सोड. स्वतःवर विश्वास ठेव.’ पाचही वाक्यं ऐकायला योग्य होती, आणि पाचही निरुपयोगी. हे पत्र नववीत हातात पडलं असतं तर त्या संध्याकाळी तू काय वेगळं केलं असतंस, असं विचारल्यावर ती हसली. “काहीच नाही. हे सगळं बाबा रोज सांगायचेच.”

कॉलेजातल्या मुलांना शाळेतल्या स्वतःसाठी सल्ला विचारला की बहुतेक वेळा असाच उपदेश निघतो. तो गाळून घ्यायला एक चाळणी वापरता येते: सांगितलेली गोष्ट करतानाचा फोटो काढता येईल का? ‘आळस सोड’चा फोटो निघत नाही. ‘जेवणानंतर वही मिटून दहा मिनिटं कोऱ्या कागदावर लिही’ याचा निघतो. पत्र पुन्हा लिहायचं, आणि प्रत्येक वाक्यात काय, कधी, किती वेळ हे आलंच पाहिजे, असं ठरलं.

पण त्याआधी ‘आळस’ या शब्दावर थांबावं लागलं, कारण तो आरोप खोटा होता. ही मुलगी शाळेत रोज दोन तास बसत होती. चाचणीच्या आदल्या रात्री धडा तीन-चार वेळा वाचायची आणि दुसऱ्या दिवशी गुण मिळवायची. एका धड्याची चाचणी आणि मध्ये एका रात्रीचं अंतर, एवढ्यासाठी तिची पद्धत चोख होती. गुणही खरेच होते.

हे नीट कळायला २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर केलेला एक प्रयोग उपयोगी पडतो. एका गटाने छोटा उतारा चार सत्रांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानंतर चित्र उलटलं: वाचणारे ४० टक्क्यांवर आले, लिहिणारे ६१ वर राहिले. आणि आपल्याला पुढे जास्त आठवेल असा भरवसा कुणाला होता? वाचणाऱ्यांना.

शाळेतल्या तिच्या चाचण्या त्या पाच मिनिटांच्या परीक्षेच्या जवळच्या होत्या. कॉलेजची सत्रपरीक्षा चार महिन्यांचा मजकूर एकदम विचारते. पद्धत तीच राहिली, अंतर वाढलं, आणि दोन विषय गेले. यात हुशारीचा संबंध फारच थोडा. हे आकडे तिने दोनदा वाचले आणि पत्रातलं ‘आळस सोड’ स्वतःच्या हाताने खोडलं. समुपदेशनात हा भाग उरकून चालत नाही. जो माणूस स्वतःला आळशी म्हणत असतो तो नवीन पद्धत चार दिवस करतो, पाचव्या दिवशी चुकते, आणि ‘बघा, मी आळशीच’ म्हणून सोडून देतो.

दुसऱ्या पत्राची सुरुवात अशी होती: ‘ज्या दिवशी धडा शिकवला त्याच संध्याकाळी वही मिटून दहा मिनिटं कोऱ्या कागदावर लिही. मग वही उघडून राहिलेलं लाल पेनाने भर. तोच धडा तीन दिवसांनी, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने पुन्हा कोऱ्या कागदावर.’ दिवसांचे हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. प्रत्येक वेळी थोडं विसरायला झालेलं असावं, इतकंच. या कृतीत चुका ठरलेल्या असतात. धडा वाचल्या-वाचल्या लगेच लिहिलं तर सगळं आठवतं आणि उगाच खूश व्हायला होतं, मध्ये निदान तासभर जाऊ द्यावा. मनातल्या मनात म्हटलं तर अडलेली जागा दिसत नाही, म्हणून लिहायचंच, मोडक्यातोडक्या शब्दांत चालेल. मध्येच ‘फक्त एकदा’ वही उघडली की सराव संपला. आणि पहिले आठ-दहा दिवस हे फार वाईट वाटतं. वाचताना सगळं येतंय असं वाटायचं, इथे रोज काय येत नाही तेच दिसतं. इथेच बहुतेक मुलं परत रंगीत पेनांकडे वळतात. पेनांना विरोध नाही, फक्त ती लिहून झाल्यावर काढावीत, चुकलेल्या जागी.

गणितासारख्या विषयांना कोरा कागद पुरत नाही. तिथे तिची सवय एका प्रकारची वीस उदाहरणं ओळीने सोडवण्याची होती. विसावं उदाहरण हात आपोआप सोडवतो, कारण कोणती रीत लावायची ते प्रकरणाच्या नावातच लिहिलेलं असतं. परीक्षेत नाव नसतं. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवून हे तपासलं. प्रकारवार सराव करणाऱ्यांची सरावातली ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळ करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत प्रकारवार गटाची २० टक्के, सरमिसळ गटाची ६३. म्हणून पत्रात आलं: ‘नवीन प्रकाराची पाच-सहा उदाहरणं सलग सोडव, म्हणजे रीत हाताला बसेल. त्यानंतर दर रविवारी मागच्या चार प्रकरणांतली प्रत्येकी दोन उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून मिसळ. चिठ्ठी उचलली की आधी कोणती रीत आणि का, हे एका ओळीत लिही, मग सोडव.’

चुकांच्या वहीचा परिच्छेद तिने मनापासून लिहिला, कारण दोन नापास उत्तरपत्रिका समोर होत्या. दर चुकीला चार रकाने: प्रश्न, मी काय केलं, का केलं, पुन्हा कधी सोडवणार. तिसऱ्या रकान्यात ‘सिली मिस्टेक’ लिहायला बंदी. माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली, वेळ पुरला नाही, यांतलं एक निवडायचं. ज्या सोळा गुणांना ती ‘निष्काळजीपणा’ म्हणत होती त्यांतले अकरा ‘आठवलं नाही’मध्ये गेले. निष्काळजीपणावर ‘काळजी घे’ यापलीकडे उपाय नसतो. न आठवण्यावर आहे.

शंका विचारणं हा वेगळाच मामला. शाळेत शिक्षक बाकापर्यंत येऊन विचारत, कॉलेजात कुणी येत नाही, आणि ‘काहीच कळलं नाही’ म्हटलं तर समोरचाही काय सांगणार? तिने नववीतल्या स्वतःला तयार वाक्यच दिलं: ‘सर, दुसऱ्या पायरीपर्यंत मला कळलं. तिसऱ्या पायरीत हे चिन्ह का बदललं ते कळलं नाही.’ आठवड्यातून एक अशी शंका, वर्गात धीर होत नसेल तर तास संपल्यावर दारात. नववीत याची सवय लागली तर कॉलेजच्या मोठ्या वर्गात तोंड उघडायला जड जात नाही.

वेळापत्रकाबद्दल तिने लिहिलेलं मी जवळजवळ सगळं खोडायला लावलं. पहाटे पाच ते रात्री अकरा, एक चौकट रिकामी नाही. असं वेळापत्रक मंगळवारी कोसळतं आणि बुधवारी माणूस ते भिंतीवरून काढतो. कामाला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज कमीच पडतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रबंध पुरा करायला सरासरी ३४ दिवस लागतील म्हटलं होतं, लागले जवळपास ५५. म्हणून आधी आठवडाभर नुसतं लिहून काढायचं: धड्याला किती वेळ वाटला, किती लागला. मग वाटलेल्या वेळेची दीडपट धरायची आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुद्दाम मोकळ्या ठेवायच्या, मागे पडलेलं त्यात जातं. काही मागे पडलं नाही तर खेळायला जायचं. तेरा ते अठरा वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते, ती वेळापत्रकात पहिली लिहायची, उरलेल्या जागेत बाकीचं. मोबाइलबद्दल एकच ओळ ठेवली: अभ्यासाच्या वेळी दुसऱ्या खोलीत. उलटा करून टेबलावर नाही.

शाखा निवडण्याविषयी ती दोन परिच्छेद लिहून आली होती. त्यातलं कामाचं एवढंच, की ‘स्कोप आहे का?’ हे विचारून काही हाती लागत नाही. त्या शाखेच्या दुसऱ्या वर्षातल्या तिघांना गाठून ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंस?’ असं विचारावं. प्रयोगशाळेत चार तास उभं राहणं, रोज पन्नास पानं वाचणं, संगणकावर एकच चूक तासभर शोधणं, यांतलं आपल्याला काय सोसेल हे त्या उत्तरातून दिसतं.

मैत्रिणींबद्दल तिने फक्त लिहिलं, ‘परीक्षा आहे म्हणून वाढदिवसाला जायचं टाळू नकोस.’ ते तसंच राहू दिलं.

पत्र धाकट्या भावाला द्यायचं का, हा प्रश्न तिच्या आईने विचारला. पूर्ण पत्र देऊ नका, असं सांगितलं. मोठ्या बहिणीची दोन पानं म्हणजे नववीतल्या मुलाला आणखी एक लेक्चर. एकच कृती निवडायची, आणि ती ताईने त्याच्याशेजारी बसून स्वतःच्या धड्यावर करायची. दोघांनी आठवड्यातून चार संध्याकाळी दहा मिनिटं कोरा कागद सुरू केला. तिसऱ्या आठवड्यात त्याने ताईचा कागद तपासायचा हट्ट धरला आणि तिच्या लवचिकतेच्या धड्यात दोन मुद्दे राहिल्याचं शोधून काढलं. चुकांची वही मात्र त्याने साफ नाकारली. “चुकलेलं पुन्हा कशाला लिहायचं?” यावर त्या घरात अजून एकमत नाही.

तिचा अर्थशास्त्राचा विषय पुढच्या सत्रात सुटला. संख्याशास्त्र पुन्हा राहिलं, सहा गुणांनी. चिठ्ठ्यांचा सराव तिने परीक्षेच्या फक्त तीन आठवडे आधी सुरू केला होता. या वेळी चुकांच्या वहीच्या तिसऱ्या रकान्यात तिने तेवढंच लिहिलं, आणि चौथ्यात तारीख टाकली.