एक जागा धर

चि.,

तुझं विद्यापीठ लहान आहे, हे पत्रात चारदा आलंय. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या संवर्धनाचं शिक्षण घेतेयस, हे मात्र एकदाच, तेही जाता जाता. रागवत नाहीये. पण समजूतही घालणार नाही. माझं म्हणणं एकच: एक जागा धर.

ओढा, उतार, पडीक रान, काहीही. चालत जाता येईल एवढं जवळ हवं. पहिल्या सत्रात धर आणि पदवी हातात पडेपर्यंत सोडू नकोस. पाऊस किती झाला, पाणी मुरायला किती वेळ लागला, ओढा कधी गढूळला, कोणतं गवत आलं, कोणतं गेलं. तारीख घालून वहीत लिही. फोनमध्ये नको, फोन बदलतेस तू.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात डार्टमथ कॉलेजच्या हर्बर्ट बोरमन, जीन लायकन्स आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये ओढ्यांचं आणि पावसाचं पाणी तपासायला सुरुवात केली. जंगलात पोषकद्रव्यं येतात किती, वाहून जातात किती, याचा त्यांना हिशोब मांडायचा होता. निघालं भलतंच: पाऊसच आम्ल होता. त्यामागे प्रामुख्याने कोळशाच्या धुरातलं गंधक होतं, आणि त्याला आळा घालणारा अमेरिकी कायदा व्हायला 1990 उजाडलं. एका वर्षाच्या आकड्यांवर कोण हललं असतं? तिथली मोजणी अजून चालू आहे.

‘जीआयएस शिकू की धोरण?’ असं विचारलंयस. संगणकावरचे नकाशे असोत की धोरण, दोन्ही शीक, बाई! पण उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसतं ते जंगल आहे की एकाच जातीची लागवड, हे पायांनी जाऊन बघावं लागतं. म्हणून म्हणतो, जागा धर. तुमच्या वर्गात मुलं मोजकी आहेत ना? मग शिक्षकांना सोबत ने. मोठ्या ठिकाणी त्यांची भेट मिळायलाच आठवडा जातो.

मी एकाच टेकडीला चिकटलो म्हणून सहकारी हसायचे. बढती उशिरा आली, परिषदा हुकल्या. खंत आहे, नाही कशाला म्हणू? पण तिथे चराईबंदीचा वाद पेटला तेव्हा वर्षानुवर्षांची मोजमापं फक्त माझ्याकडे होती. थोडी चराई असलेल्या भागातच गवताच्या जाती जास्त होत्या. दोन्ही बाजूंना ते आवडलं नाही. मी आकडे बदलले नाहीत, आजही बदलणार नाही.

पुढच्या पत्रात विद्यापीठाबद्दल काही नको. उतार कोणत्या दिशेला आहे, पाणी कुठे जातं, जमीन कोणाची, आणि त्यांची परवानगी घेतलीस का, ते कळव.